उजवीकडे कोकण : एका चित्रपुस्तकाच्या कामाच्या नोंदी

पुस्तकाला नाव अजून ठरलेलं नाही. कामापुरतं ‘वाडा’ म्हणतोय. आकार आडवा : ११ इंच रुंद, साडेआठ इंच उंच. २४ पानं, मधोमध पिना. मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, चार रंग. मराठीबरोबरच हिंदी आणि कन्नड आवृत्ती निघणार. मजकूर लेखिकेचा, चित्रं माझी.

८ नोव्हेंबर २०२३

मजकूर आला. फलटण भागातल्या धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा त्यांचा तांडा, दिवाळीनंतर कोकणात उतरतो, भातकापणी झालेल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतो आणि पावसाच्या आत माघारी येतो, एवढीच गोष्ट. सांगणारी वाड्यातलीच सात-आठ वर्षांची मुलगी, आणि तिच्या जिवाची दोन जुळी कोकरं.

पहिलं वाचन नेहमीप्रमाणे पेन्सिल न घेता केलं. दुसऱ्या वाचनात जे शब्दांत आहे आणि चित्रातही येणारच आहे, त्याखाली रेघ मारत गेले. ‘काळीभोर मेंढरं’, ‘लांबच लांब रांग’, ‘घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड’ असं बरंच निघालं. हे सगळं मी काढणारच आहे. मग शब्दांनी वेगळं काहीतरी करावं : आवाज, वास, मुलीच्या मनातली भीती. लेखिकेशी बोलले. तिची तयारी आहे, पण आधी चित्रं बघू म्हणाली. बरोबर आहे तिचं.

२४ पानांतलं पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं श्रेयनामावलीचं. मधे ११ जोडपानं (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) उरतात. सहावं जोडपान म्हणजे पान १२-१३, बरोबर पिनांच्या जागी. तिथे दोन्ही पानं मिळून एकच अखंड कागद असतो, त्यामुळे चित्र मधेच सरकत नाही. घाट उतरतानाचं दृश्य तिथेच.

१४ नोव्हेंबर

काडेपेटीएवढ्या चौकटींत सगळं पुस्तक एका पानावर मांडलं. चेहरे, कपडे काही नाही. फक्त गडद-फिकं कुठे आणि कोण कुठल्या दिशेला चाललंय.

गाडी दिशेपाशीच अडली. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे चित्रात उजवीकडे चाललेला माणूस ‘पुढे’ जातोय असं वाटतं आणि पानही त्याच बाजूला उलटतं. पण शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात फलटण उजवीकडे आणि कोकण डावीकडे. नकाशाप्रमाणे काढलं तर सगळा वाडा पान उलटणाऱ्या हाताच्या उलट दिशेने चालत राहील.

संध्याकाळी गच्चीवर उभी असताना उत्तर सापडलं. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की पश्चिम उजव्या हाताला येते. म्हणजे अख्खं पुस्तक दक्षिणेकडे बघत काढायचं! वाडा उजवीकडे चालेल, सह्याद्री उजवीकडून उगवत येईल, घाट डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असा उतरेल. कुठेही खोटं नाही.

याचा दुसरा फायदा मोठा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाने फिरतो. डिसेंबरात भर दुपारीही पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. दक्षिणेकडे बघायचं म्हणजे उजेड समोरून येणार. काळ्या मेंढरांना मागून उन्हाची कड मिळेल आणि सावल्या वाचणाऱ्याच्या पायाशी येतील. काळ्यावर काळं काढायचं तर ती कड हवीच होती.

२७ नोव्हेंबर

वाडा भोरच्या अलीकडे गाठला. रात्री तिथेच राहिले.

जे मजकुरात नाही आणि मला कुठल्या पुस्तकातही सापडलं नव्हतं ते पहाटे दिसलं. बायका बिऱ्हाड घोड्यांवर लादून सरळ वाटेने पुढच्या मुक्कामाला निघतात. बापये मेंढरं घेऊन चरत चरत, रानातून, वळसे घेत येतात. दिवसभर दोघांची गाठ नाही. अगदी लहान कोकरं घोडीच्या पाठीवर, भांड्यांच्या आणि घोंगड्यांच्या मधे बसून बायकांबरोबर जातात. त्यांच्या आया कळपात. मग संध्याकाळी कळप मुक्कामावर आला की जो कल्लोळ उठतो त्याला तोड नाही. शंभर आया एकदम ओरडतायत, प्रत्येक कोकरू आपलीच शोधतंय, आणि सापडतेच.

गोष्टीतला ताण हाच आहे. मुलगी आईबरोबर घोड्यापाशी, कोकरं तिच्यासोबत, कोकरांची आई डोंगरापलीकडे. दिवसाच्या प्रत्येक जोडपानावर खाली घोड्यांची वाट आणि वर दूर टेकडीवर कळपाची ठिपक्यांची रेघ चालवायची. दोन्ही रेघा संध्याकाळच्या पानावर एकत्र येतील.

चूल पेटवायच्या आधी बसून मेंढराचे कान चितारत होते. वाड्यातल्या आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बाई, कान आसं ताठ न्हाय. आमच्या मेंढराचं कान खाली पडल्यालं असत्यात. ताठ कान घोड्याचं.” मग एक मेंढी धरून माझ्यासमोर उभी केली आणि तिचा जबडा वर उचलून दाखवला. दख्खनी मेंढीचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं, कान लांब आणि लोंबते. पुस्तकांत सर्रास दिसणारी गुबगुबीत, पांढरी, कापसाच्या गोळ्याची मेंढी इथली नाहीच. तिला या पुस्तकात जागा नाही.

त्याच मेंढीचा डोळा जवळून बघितला. मधासारखा पिवळट आणि बाहुली आडवी, फटीसारखी. मान खाली घालून चरते तेव्हाही बाहुली जमिनीला समांतरच राहते, कारण डोळा खोबणीत फिरतो. चरता चरता चहूबाजूंना लक्ष ठेवायची सोय आहे ती. मुलांच्या पुस्तकात काळा गोल ठिपका काढून भागतं असं म्हणतात. मी आडवी बाहुलीच काढणार. मुलं डोळ्यांत बघतात.

लोकरीबद्दल एक टिपून ठेवते : मुळाशी काळी, पण टोकांना उन्हाने विटून तांबूस झालेली. लोकर बोटांनी फाकवली की दोन रंग वेगवेगळे दिसतात.

४ डिसेंबर

जुळ्या कोकरांची शंका मिटवली. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, मग मजकुरातली जुळी पटतील का? पण फलटणमध्येच निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ची. त्यांनी सुंदरबनातल्या गरोळ जातीच्या छोट्या मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. त्या भागातल्या वाड्यात जुळी कोकरं दिसणं अगदी साहजिक आहे. लेखिकेला हे माहीत होतं, तिने लिहिलं नाही एवढंच. पुस्तकातही सांगायची गरज नाही, पण चित्र काढणाऱ्याला ठाऊक हवं. दोघांपैकी एकाच्या कपाळावर पांढरा टिळा देते, म्हणजे मुलांना ओळखता येतील.

२१ डिसेंबर

पुण्याच्या केळकर संग्रहालयात चित्रकथी चित्रांसमोर बराच वेळ काढला. पार्श्वभूमीला जवळजवळ काही नाही, कोरा कागदच. माणसं एका बाजूने काढलेली, डोळे मोठे. सगळं चित्र कोण कुणासमोर उभं आहे यावर चालतं. मी डोंगर, झाडं, ढग असं भरत सुटते तेव्हा हे आठवायला हवं.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला टिकवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांची पोथी म्हणजे सुटे कागद, पाठीला पाठ लावून चिकटवलेले. सांगणारा एक चित्र समोर धरतो, गातो, मग कागद फिरवतो आणि पुढचा प्रसंग येतो. पान उलटण्यावर चालणारी गोष्ट आपल्याकडे छापील पुस्तकाच्या कितीतरी आधी होती. ‘चित्रपुस्तक ही पाश्चात्त्यांची देणगी’ असं कुणी म्हटलं की मला पिंगुळीचं नाव घ्यावंसं वाटतं.

तिथून घरी येऊन पाचव्या आणि सातव्या जोडपानावरची झाडं काढून टाकली.

९ जानेवारी २०२४

रंग. गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरतेय. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून खरखरीत कागद आणला. त्याच्या दाण्यावर जवळजवळ कोरडा ब्रश ओढला की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि आपोआप लोकर दिसते. एकेक केस काढत बसायचं कारण नाही.

बाटलीतला काळा वापरायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं आहे. तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एकत्र केले की तेवढाच गडद रंग मिळतो आणि हवा तिकडे वळवता येतो. सावलीकडची मेंढी निळ्याकडे झुकवते, उन्हातली अंबरकडे. त्यावर विटलेल्या टोकांसाठी बर्न्ट सिएना, कोरड्या ब्रशने. आणि पाठीवर उन्हाची कड, पांढऱ्यात थेंबभर पिवळा. हे चार थर पुरतात.

एक धोका लक्षात ठेवायचा. मॅपलिथो शाई पितो, छपाईत ठिपका पसरतो आणि गडद भाग भरून जातो. टेबलावर जे योग्य दिसतंय ते छापल्यावर कोळसा होणार. म्हणून डोळ्यांना बरं वाटेल त्याहून एक पायरी फिकं रंगवतेय. मन मारून करावं लागतं.

२४ जानेवारी

करारनामा वाचला. तीन गोष्टी मागून घेतल्या आणि मिळाल्या : मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाएवढ्याच टायपात माझं नाव, मूळ चित्रं माझ्याकडे परत, आणि हक्क किती वर्षांसाठी व कुठल्या भाषांसाठी दिले याचा स्पष्ट उल्लेख.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ सांगतं की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. एवढं माहीत असलं की बोलणी सरळ होतात. एकरकमी मानधनावर सगळे हक्क कायमचे देऊन टाकणारे चित्रकार मी पाहिलेत आणि मला त्याचा त्रास होतो. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रकार सांगतो.

१२ फेब्रुवारी

रात्रीचं जोडपान, क्रमाने आठवं. सगळ्यात जास्त वेळ याच पानाला दिला.

अडचण छपाईतली आहे. पुस्तक तीन भाषांत निघणार. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. निळसर, गुलाबी आणि पिवळी या तीन प्लेटा सगळ्यांना सारख्याच ठेवायच्या आणि भाषेप्रमाणे फक्त काळी प्लेट बदलायची, म्हणजे खर्च आवाक्यात राहतो. त्यासाठी मजकूर निव्वळ काळ्यात हवा. गडद चित्रातून पांढरी अक्षरं काढली तर चारही प्लेटांत अक्षरांच्या जागा कापल्या जातात आणि प्रत्येक भाषेला नवा संच करावा लागतो. बहुभाषी पुस्तकांत रात्रीच्या पानावरही मजकुरापाशी उजेड असतो, त्याचं कारण हे.

तर मग या रात्रीत काळी अक्षरं कुठे बसवायची? चंद्राचा विचार केला आणि सोडला. मोठा गोल चंद्र काढून त्यात ओळी बसवणं फार वेळा झालंय, आणि वाड्यातल्या रात्रीशी त्याचा संबंध नाही. त्या रात्री उजेड होता चुलीचा. तीन दगडांची चूल, बाजरीची भाकरी थापणारी आई, मागे ताणलेलं घोंगडं. चुलीचा उजेड त्या घोंगड्यावर पडतो आणि एक मोठा, मऊ, पिवळसर पट्टा तयार होतो. मजकूर तिथे बसवला. तीनही भाषांच्या ओळी मावतील एवढी जागा ठेवली. कन्नड मजकूर लांबतो.

वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत बसलेला कळप मग जवळजवळ सगळा अंधारात गेला, फक्त डोळे चमकतायत. मेंढीच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे चुलीच्या बाजूला तोंड असलेल्यांचेच चमकतील. जोड्या नेमक्या मोजून काढल्या, दोन अगदी छोट्या. कोकरं कुठे आहेत ते शब्द सांगत नाहीत.

छपाईच्या एका अटीने मला हे पान दिलं. मोकळीक असती तर चंद्रच काढला असता बहुतेक.

५ मार्च

डमी घेऊन फलटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेले. पहिली-दुसरीची मुलं, त्यांतली काही धनगरांचीच. पेन्सिलीतली चित्रं, पिना मारलेली, मजकूर हाताने चिकटवलेला. आधी नुसती चित्रं दाखवली.

कोंबडीवरून सुरुवात झाली. पहिल्या पानावर घोडीवर बिऱ्हाडाच्या वर एक तांबडी कोंबडी बांधलेली आहे. मजकुरात ती नाहीच. मुलांनी प्रत्येक पानावर तिला शोधली. घाटाच्या पानावर ती आईच्या पदराआड निम्मी झाकलीय, तिथे दोघांचं भांडण झालं, आहे की नाही यावरून. कुत्रं रात्री कुठे निजतं असं एका मुलीने विचारलं आणि लगेच दुसऱ्याने सांगितलं, “वाघरीच्या भाईर, तोंड रानाकडं करून.” मी त्याला जागा दाखवायला सांगितली. त्याने बोट ठेवलं तिथे कुत्रं येणार, पाठमोरं.

आणि मग नववं जोडपान. तिथे पहिल्यांदाच सगळं उलट्या दिशेने चालतं, उजवीकडून डावीकडे. मी काही बोलले नाही. पान उलटताच मागच्या बाकावरून आलं, “घरी निघाली.” मजकूर तोवर वाचलेलाही नव्हता.

७ मार्च

लेखिकेला फोनवर सगळं सांगितलं. नवव्या पानावरचं ‘पाऊस यायच्या आत वाडा माघारी निघाला’ हे वाक्य तिने स्वतःच काढलं. त्या जागी आता एकच ओळ आहे : मुलगी वाऱ्यात पावसाचा वास शोधते. ‘काळीभोर’ आधीच गेलं होतं, आता ‘लांबच लांब रांग’ही गेली. मजकूर जवळपास निम्म्यावर आला आणि मला तो आधीपेक्षा जास्त आवडतो. स्वतःच्या वाक्यांवर अशी कात्री चालवायला मोठं मन लागतं.

१८ एप्रिल

आठ जोडपानं पूर्ण. परतीची तीन मुद्दाम मागे ठेवलीत, ऊन डोक्यावर यायची वाट बघतेय. मधल्या काळात पुढच्या-मागच्या कव्हरच्या आतल्या पानांवर घोंगड्याचा पोत केला. त्यासाठी एका माग चालवणाऱ्या दादांकडे बसले. विणायच्या आधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, कुंच्याने, लांब लांब ओढत. माझ्या कोरड्या ब्रशची ओढ आणि ती ओढ एकाच जातीची. पोत त्याच लयीत ओढला, आडवा, कडेपासून कडेपर्यंत, कापणीसाठी चहूबाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्त.

१३ मे

आज पुण्यात शून्य सावलीचा दिवस. साडेबाराच्या सुमारास गच्चीत पाण्याची बाटली, एक खोका आणि मातीचा घोडा ठेवला. बाटलीची सावली बुडाखाली नाहीशी झाली. घोड्याची मात्र पोटाखाली गोळा झाली : चार पायांच्या मधे एक घट्ट, निळसर डाग, आणि मानेची सावली थेट पुढच्या पायांवर.

परतीच्या वाटेवर असाच उजेड पाहिजे. जाताना सावल्या लांब, आपल्याकडे आलेल्या, पाठींवर उन्हाची कड. येताना कड नाही, ऊन थेट वरून, सावली पोटाखाली. आणि इथून पुढे महिनाभर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेकडे बघणाऱ्याच्या पाठीशी. चेहरे उजळतात. जाताना अंधारात असलेला मुलीचा चेहरा येताना स्पष्ट दिसायला लागतो. कोकरंही आता घोडीवर मावत नाहीत, कळपात चालतायत, टिळ्यामुळे ओळखू येतात. ‘मोठी झाली’ हे कुठेच लिहावं लागलं नाही.

आज दुपारीच दहाव्या जोडपानाचा पहिला थर दिला.

१९ जून

सगळं स्कॅन करून झालं. मेंढरांतला चारही शायांचा एकूण भार खाली आणला, नाहीतर मॅपलिथोवर शाई वाळत नाही आणि मागच्या पानाला लागते. मुलीचा चेहरा, कोंबडी, कोकराचा टिळा यांतलं काहीही घडीच्या रेषेत जात नाही ना, ते पान पान करून तपासलं. नाव ठरलं, संपादकांनी सुचवलेलं. मुखपृष्ठाची अक्षरं मी हाताने काढतेय.

११ जुलै

छापखान्यात. पहिला फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) सोळा पानांचा, त्यात घाट आणि रात्र दोन्ही आहेत.

पहिल्या कागदांवर रात्र फारच दाट आली, छोटे डोळे दिसेनात. मशीनवरच्या दादांनी माझ्या हातातलं मूळ चित्र बघितलं, भिंग लावलं आणि काळी तशीच ठेवून निळी थोडी उतरवली. म्हणाले, “मॅडम, काळी कमी केली तर अक्षरं फिकी पडतील. अंधार निळ्यात आहे तुमचा.” पुढच्या कागदावर डोळे आले, दोन छोट्या जोड्यांसकट, आणि कुत्र्याची पाठही. सही केली.

मराठीच्या प्रती निघाल्यावर फक्त काळी प्लेट उतरवून कन्नडची चढवली. घोंगड्यावरच्या उजेडात ओळी बरोबर बसल्या, वर-खाली बोटभर जागा राखून. हिंदी दुपारनंतर. उरलेली आठ पानं आणि कव्हर उद्या. कव्हरचं घोंगडं किंचित लाल मारतंय, सकाळी लवकर येऊन गुलाबी शाई बघायची.